थंडीची लाट आणि कोंडींतला मासा

पौषांतल्या एखाद्या रात्रीं वारा फिरतो, आकाश निरभ्र होतें, आणि पहाटे अंगावरची वाकळ पुरेनाशी होते. त्या सकाळीं आमचा आंब्याचा बागाईतदार हात चोळीत, परंतु हंसतमुखानें बागेंत जातो. कारण अशा गारठ्यानेंच हापुसास मोहर धरतो हें त्यास ठाऊक असतें. त्याच सकाळीं त्याचा शेजारी गरी आणि करवंटींत गांडुळें घेऊन नदीवर जातो, दोन तास काठी धरून बसतो, आणि रिकाम्या हातांनीं परत येतो. घरीं आल्यावर तो म्हणतो, "कोंडींत मासा उरला नाहीं." नदीच्या पात्रांतील खोल डोहास आमच्याकडे कोंड म्हणतात, हें परजिल्ह्यांतील वाचकांसाठीं सांगून ठेवतों.

"मासा उरला नाहीं" हें वाक्य मी गेलीं चाळीस वर्षें ऐकत आलों आहें. तें बहुधा खोटें असतें, आणि खोटें असून घातकही असतें, असें माझें स्पष्ट मत आहे. मासा संपला असें एकदां मनानें घेतलें, म्हणजे उरलासुरला काढून घेण्याची आडवाट सुचूं लागते, आणि मग कोणीतरी ब्लीचिंग पावडरीचा पुडा किंवा फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली घेऊन कोंडीवर उतरतो. वस्तुतः मासा गेलेला नसतो. त्यानें आपली जागा आणि आपली वेळ बदललेली असते. आपणही तीं बदलावीं, एवढेंच काम असतें. तें कसें करावें आणि तें न केल्यास गांवाचें काय जातें, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

प्रथम ही थंडी कोठून येते तें पाहूं. हिवाळ्यांत भूमध्य समुद्राकडून इराण व अफगाणिस्तान यांवरून वाऱ्यांचे आवर्त एकामागून एक उत्तर हिंदुस्थानांत येतात. हवामान खातें त्यांस पश्चिमी विक्षोभ म्हणतें. त्यांच्या योगानें काश्मीर-हिमाचलांत बर्फ पडतें. आणि तो आवर्त पूर्वेकडे सरकला कीं त्याच्या पाठोपाठ उत्तरेचा थंड व कोरडा वारा खालीं उतरतो. थंड हवा उबदार हवेस रेटीत पुढें सरकते, त्या सीमेस पाश्चात्य शास्त्रांत 'आघाडी' असें नांव आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वेंतील बर्गेन येथील शास्त्रज्ञांनीं तें रणांगणावरून उचललें. आमच्या रत्नागिरीपर्यंत ही आघाडी आपल्या मूळ जोरानें येत नाहीं. निफाडाकडे द्राक्षाच्या बागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, महाबळेश्वरीं दंव गोठतें, आणि आमच्या वाट्यास घाटावरून उतरणारा पहाटेचा बोचरा वारा येतो. म्हणून किनाऱ्यासाठीं हवामान खात्याचें मापही निराळें आहे. मैदानी मुलुखांत किमान उष्णमान १० अंश सेल्सियसपर्यंत उतरावें लागतें. किनाऱ्यावर तें १५ अंशांवर किंवा त्याखालीं आलें आणि नेहमीपेक्षां निदान साडेचार अंशांनीं कमी झालें, तरी थंडीची लाट समजतात. बंदराजवळ गारठा बेताचा असतो. संगमेश्वर, लांजें, दापोली इकडील खोऱ्यांत तो अधिक लागतो, कारण रात्रीं थंड हवा जड होऊन खोलगट जागीं सांचते.

लाट येण्यापूर्वीं पुष्कळ वेळां एकदोन दिवस मळभ असतें आणि रात्री उबदार जातात. बागाईतदार तेव्हां तुडतुडा व भुरी यांच्या भीतीनें चिंतेंत असतो. मासे धरणाऱ्यास मात्र हे दिवस सोन्याचे. माझा अनुभव असा कीं या मळभांत मासा कांठाशीं येऊन मोकळेपणानें खातो. मग आकाश फांकतें, वारा फिरतो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं, त्याच आमिषास कोणी तोंड लावीत नाहीं.

याचें कारण माशाच्या देहांतच आहे. आपलें शरीर बाहेर थंडी असो वा ऊन, आपली ऊब राखतें. माशाचें तसें नाहीं. पाणी जितकें थंड, तितकाच बहुतेक मासा थंड. देहाचे सर्व व्यापार उष्णतेवर चालतात. दहा अंश उष्णता उतरली तर ते सुमारें निम्म्यावर येतात, असा स्थूल नियम आहे. खाल्लेलें सावकाश पचतें, म्हणून भूक मंदावते. आणि हालचाल महाग पडते, म्हणून तो आमिषामागें धांवत नाहीं. रोहू, कटला, मृगळ हे मासे २५ ते ३० अंशांच्या पाण्यांत चांगलें खातात, आणि २० अंशांखालीं त्यांचें खाणें फार घटतें. १९५२ सालीं या देशांत आणलेला तिलापिया तर थंडीस अधिकच भितो. १० ते १२ अंशांवर तो मरूंही लागतो. आमच्या कोंकणांत पाणी तितकें थंड होत नाहीं, हें खरें. परंतु तीनचार दिवसांत पाण्याची ऊब कांहीं अंशांनीं उतरली, तरी तो बदल माशास कळतो आणि तो अंग आंखडून बसतो.

तो बसतो कोठें, हें ज्यास कळलें त्यास अर्धी विद्या आली. उथळ पाणी रात्रींत निवतें. खोल पाणी आपली ऊब दिवसेंदिवस धरून ठेवतें. म्हणून लाट येतांच मासा उथळ खळाळ सोडून कोंडीच्या खोल भागांत, कातळाच्या कपारीखालीं जातो. दुसरी जागा झऱ्याची. राजवाडी, तुरळ, आरवली येथील उन्हाळ्यांची गोष्ट मी करीत नाहीं. साधा थंड पाण्याचा झराही हिवाळ्यांत नदीपेक्षां उबदार असतो. जमिनीच्या पोटांतील पाण्याची ऊब वर्षभर फारशी बदलत नाहीं. म्हणूनच पौषाच्या पहाटे विहिरीचें पाणी कोमट लागतें. कोंडींत असा झरा कोठें फुटतो हें गांवांतील जुन्या माणसांस माहीत असतें. त्यांस विचारावें. तिसरी जागा उत्तरेच्या कांठाची. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळें कोंडीच्या उत्तर कांठावर ऊन अधिक वेळ राहतें. तेथें काळा कातळ असेल तर दुपारीं तो तापतो, आणि त्याच्या आसऱ्यास मासा वर येतो.

आतां वेळ. आमच्या लोकांची समजूत अशी कीं मासा पहाटेचा. उन्हाळ्यांत व पावसाच्या तोंडाशीं ती खरी आहे. थंडींत ती उलटी करावी लागते. पहाटेस पाणी सर्वांत थंड असतें. तेव्हां खुशाल घरीं पेज प्यावी, गोठ्यांतलीं कामें उरकावीं, आणि अकराच्या सुमारास निघावें. साडेतीनपर्यंतचा काळ उत्तम. लाटेचे पहिले दोन दिवस तर जाऊंच नये. जाळें दुरुस्त करावें. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मासा नव्या पाण्यास सरावतो आणि दुपारीं थोडेंथोडें खाऊं लागतो.

गरी नेहमीपेक्षां लहान घ्यावी, आणि तंगूस बारीक. पावसाळा संपून तीन महिने झालेले असल्यानें पाणी आरशासारखें असतें. जाड दोर आणि कांठावर उभ्या माणसाची सावली, दोन्हीं माशास दिसतात. म्हणून मागें सरून बसावें. कणकेच्या मोठ्या गोळीपेक्षां गांडुळाचा लहानसा तुकडा बरा. शिशाचें वजन असें लावावें कीं आमिष तळाशीं जाऊन स्वस्थ राहील, आणि मग तें हलवूं नये. थंडींतला मासा झडप घालीत नाहीं. तो आमिष तोंडांत घेऊन तेथेंच थांबतो. दोर किंचित् ताणला गेला, इतकीच खूण मिळते. ज्यास धीर नाहीं त्यास ती खूण कळत नाहीं, आणि तोच पुढें "मासा उरला नाहीं" म्हणतो.

प्रत्येक जातीची रीतही थोडी निराळी आहे. मरळीस श्वासासाठीं पाण्यावर यावें लागतें. थंडींत तिची श्वासाची गरज कमी होते, म्हणून ती क्वचित् वर येते. दुपारीं स्वस्थ बसून बुडबुडा कोठें उठतो तें पाहावें आणि तेथेंच गरी सोडावी. शिंगटी तळाची; तिला तिन्हीसांजेची वेळ बरी. वाम रात्रीं हिंडणारी. थंडींत ती कपार सोडीत नाहीं, तिचा नाद करूं नये. कटला एरवीं वरच्या पाण्यांत चरतो, पण लाटेंत तोही खालीं उतरतो. वाशिष्ठीकांठच्या मंडळींस एक इशारा देतों. कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारें पाणी पोफळी-कोळकेवाडीकडून त्या नदींत येतें आणि वीजनिर्मितीच्या वेळेप्रमाणें पात्रांतलें पाणी चढतें-उतरतें. तेथें आमच्या दुपारच्या नियमाआधीं पाण्याची पातळी पाहावी, आणि पात्राच्या मधोमध कातळावर बसूं नये.

ज्यांच्या शेततळ्यांत मासे आहेत, त्यांसाठीं तीन गोष्टी. लाटेच्या दिवसांत खाद्य निम्म्यावर आणावें आणि तें ऊन वर आल्यावर घालावें. न खाल्लेला कोंडा व पेंड तळाशीं कुजून पाण्यांतील प्राणवायु खातात. दुसरें, या दिवसांत जाळें फिरवून मासे चाळवूं नयेत. खवला निघालेल्या जागीं बुरशी धरते. तिसरें, अंगावर लाल चट्टे किंवा व्रण दिसले तर दुर्लक्ष करूं नये. १९८८ सालीं ईशान्येकडून या देशांत शिरलेला व्रणरोग पावसानंतरच्या थंडींतच जोर करतो, आणि मरळीस तो फार लवकर लागतो. चुना किती व केव्हां टाकावा हें शिरगांवच्या मत्स्य महाविद्यालयांत विचारून घ्यावें. तें आपल्याच जिल्ह्यांत आहे. तेथें जाण्यास संकोच कशाला?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळतों. थंडींत मासा खोल कोंडींत गोळा होतो, हें वर सांगितलें. त्याचाच दुसरा अर्थ असा कीं कोसभर नदीचा मासा त्या वेळीं एका कोंडींत असतो. जूनमध्यें पहिल्या पुरास पऱ्यांतून व शेतांच्या बांधांवरून जो चढणीचा मासा वर येतो, ज्यासाठीं आमच्या बायकामुलें भर पावसांत खोईन लावून बसतात, त्याची बीजभांडवल म्हणजे पौषांतली हीच कोंड. गरीनें माणूस चार मासे नेतो. पाग टाकणारा टोपलीभर नेतो, आणि लहान मासा परत सोडण्याइतकी समज त्यानें दाखविली तर माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाहीं. परंतु जो विष टाकतो तो सारी कोंड मारतो. त्यांतले निम्मे मासे त्याच्या हातींही लागत नाहींत. ते कपारींत अडकून कुजतात. तेंच पाणी खालच्या वाडींतलीं गुरें पितात, आणि कांठाच्या विहिरींतही उतरतें.

या बाबतींत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, ती येथें कबूल करतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मी एका कचेरींत कारकून असतांना एका वाडीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कोंडींत मासे उलटे तरंगत आहेत, गुरें पाण्यास तोंड लावीत नाहींत, चौकशी व्हावी, असा मजकूर होता. दिवस असेच कडक थंडीचे होते. औषध कोणीं टाकलें हें मला ठाऊक होतें. दोनच दिवस आधीं त्या गृहस्थानें बाजारांत माझ्यासमोर त्याची बढाई मारली होती. तो ओळखीचा होता. मीं टिपण लिहिलें: "कारण समजून आलें नाहीं. दप्तरीं ठेवावें." कागद दप्तरीं गेला. पुढच्या जूनमध्यें त्या पऱ्यास चढणीचा मासा आला नाहीं. त्यापुढच्या वर्षींही नाहीं. त्या वाडींतली एक म्हातारी रिकामी खोईन घेऊन माझ्या दारावरून जाई आणि "यंदा पाऊस बरा, पण मासा कुठं गेला कोण जाणे," असें म्हणे. मासा कोठें गेला हें मला माहीत होतें. तो माझ्या टिपणांत गेला होता.

कायदा नाहीं असें कोणी म्हणूं नये. हिंदुस्थान सरकारच्या मत्स्यखात्याचे फ्रान्सिस डे यांनीं १८७३ सालीं देशांतील गोड्या पाण्याच्या मासळीवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला, आणि लहान मासळीचा नाश कसा चालतो हें त्यांत मांडलें. पुढें १८९७ च्या मत्स्य अधिनियमानें पाण्यांत सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणें हा गुन्हा ठरविला. १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमानेंही नदीनाल्यांत विषारी पदार्थ सोडण्यास मनाई केली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणें नदी-नाल्यांचीं पात्रें सरकारच्या मालकीचीं आहेत. परंतु महसुलांत जन्म काढलेला मी सांगतों, पात्र सरकारचें असलें तरी राखण गांवाचीच. कागद राखण करीत नाहीं. कारकून लबाड असला तर मुळींच नाहीं.

कोणी म्हणेल, आमचे पूर्वज गेळफळ कुटून, रामेठा ठेंचून, कुंभ्याची साल पाण्यांत कालवून मासे धरीतच होते. तेव्हां नदी मेली नाहीं. याचें उत्तर सरळ आहे. तेव्हां माणसें थोडीं, कोंडी पुष्कळ, आणि तीं झाडपाल्याचीं विषें थोड्या वेळांत निवणारीं. तरीही ती रीत चांगली होती असें मी म्हणत नाहीं. आजची बाटली झांकणभर उपडी केली तरी तिचें काम पालापाचोळ्याच्या भाऱ्याहून मोठें होतें.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: गरिबाच्या घरीं थंडींत दुसरें कालवण कोठून येणार? त्याचसाठीं तर मीं वर वेळ, जागा व आमिष यांचा इतका विस्तार केला. विषानें गरिबास एक दिवस मासा मिळतो आणि दोन वर्षें मिळत नाहीं. गरीनें त्यास दर दुपारीं थोडा मिळतो, आणि जूनमध्यें भरपूर.

शेवटचा शब्द आम्हां बागाईतदारांसच. कोंड मारणारा नेहमीच चोर असतो असें नाहीं. कित्येकदां तो आपणच असतों. मोहर धरण्याचे दिवस तेच फवारणीचे दिवस. तुडतुड्यासाठीं आपण डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांसारखीं औषधें वापरतों. हीं माशास अतिशय विषारी आहेत. डब्यावर तशी सूचना छापलेली असते. संध्याकाळीं पंप खांद्यावरून उतरवून गडी तो पऱ्यांत विसळतो, रिकामी बाटली तेथेंच टाकतो, आणि तें पाणी वाहत नेमकें त्या कोंडींत जातें, जेथें थंडीमुळें सारा मासा एकवटलेला आहे. आपला हेतु वाईट नसतो. मासा मरतो तो मरतोच.

म्हणून आपल्या शेतकरी संघापुढें मी तीन सूचना ठेवतों. पहिली, प्रत्येक बागेंत पऱ्यापासून दूर एक खड्डा घ्यावा आणि पंप तेथेंच धुवावा; विहिरीच्या बाजूसही तो नसावा. दुसरी, प्रत्येक गांवानें ग्रामसभेंत ठराव करून आपल्या नदीची एक खोल कोंड राखीव ठेवावी. तींत पौष-माघांत गरीसुद्धां घालूं नये. हें अशक्य नाहीं. रायगड जिल्ह्यांत महाडजवळ वाळणकोंड येथें वरदायिनीच्या नांवानें लोकांनीं महाशीर मासे पिढ्यान् पिढ्या राखले आहेत. तेथें कोणी जाळें टाकीत नाहीं, उलट येणारा माणूस त्यांस खाऊ घालतो. देवीच्या धाकानें जें होतें तें गांवाच्या ठरावानें कां होऊं नये? तिसरी सूचना सर्वांत सोपी. लाट आली आणि गरीस मासा लागेनासा झाला, तर नदी संपली असें म्हणण्यापूर्वीं तीन दिवस थांबावें, दुपारीं जावें, खोल पाण्यांत लहान गरी सोडावी, आणि स्वस्थ बसावें.

यंदाच्या थंडींत मीही तसाच बसणार आहें. त्या म्हातारीची नात आतां तिची खोईन चालविते. जूनमध्यें ती भरलेली दिसावी, एवढीच माझी इच्छा आहे. वाचकांनीं या गोष्टीचा विचार करावा, ही विनंती.